कॉइलच्या मेशचं घोडं नेमकं कुठं अडतं?

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वरच्या मजल्यावर. खाली मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पंपाच्या जळक्या मोटारी दारात रांगेनं येऊन पडतात आणि वार्निशचा वास दिवसभर जिन्यातनं वर येत राहतो. तिथले मिस्त्री वेढ्याला वेढा चिकटवून हातानं तार गुंडाळतात, आणि ते कधी अडलेत असं मी पाहिलेलं नाही. अडतो आम्ही, वर बसलेले, तीच कॉइल कॉम्प्युटरमध्ये घालताना.

परवा ऑफिसातला नवा पोरगा लॅपटॉप उघडाच हातात धरून आला. शिरोलीतल्या एका फौंड्रीचं काम होतं. त्यांच्या इंडक्शन भट्टीच्या (कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रानं धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) कॉइलचे वरचे दोन वेढे बाकीच्यांपेक्षा जास्त तापत होते, आणि ते का तापतात एवढंच त्यांना हवं होतं.

"दादा, मेश हुईना झालाय. सकाळधरनं तिसऱ्यांदा लावला. एलिमेंट अजून बारीक करू का?"

"नको. आधी मोठे कर."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती, पण ते कळायला मेश म्हणजे काय हे थोडं मागं जाऊन बघावं लागेल.

चुंबकीय क्षेत्राची समीकरणं अख्ख्या भट्टीसाठी एका फटक्यात सुटत नाहीत. म्हणून भट्टीचे लहान लहान तुकडे पाडायचे, एका तुकड्याच्या आत उत्तर साध्या सूत्रानं बदलतं असं धरायचं, आणि शेजारच्या तुकड्यांशी ते जुळावं म्हणून लाखो समीकरणं एकत्र सोडवायची. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी १९६० साली दिलं. एकेक तुकडा म्हणजे एलिमेंट, आणि तुकड्यांचं जे जाळं तयार होतं तो मेश. तुकडे बहुतेक वेळा समोशाच्या आकाराचे असतात, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे. त्यांना टेट्रा म्हणतात. नवखी माणसं एक गोष्ट हमखास विसरतात: तुकडे फक्त तांब्याचे आणि लोखंडाचे पाडायचे नसतात, हवेचेही पाडायचे असतात. चुंबकीय क्षेत्र हवेतूनही जातं, आणि दोन वेढ्यांमधली बोटभर फटसुद्धा हवाच आहे.

तुकड्यांनी तीन गोष्टी पाळायच्या. मध्ये फट सोडायची नाही, एकमेकांवर चढायचं नाही आणि फार चपटं व्हायचं नाही. यातली तिसरी सगळ्यात अवघड. बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञानं १९३४ साली एक नियम मांडला, त्यावर आजही बरीच मेशिंगची सॉफ्टवेअर्स चालतात: त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून वर्तुळ काढलं, तर त्याच्या पोटात चौथा बिंदू सापडता कामा नये. कागदावर हा नियम पाळला की त्रिकोण बऱ्यापैकी गुबगुबीत होतात. त्रिमितीत मात्र तो पाळूनही पापडासारखे चपटे टेट्रा निसटून राहतात. मग सॉफ्टवेअर बिंदू इकडून तिकडे सरकवत बसतं. ९३ टक्क्यांवर गाडी तासभर अडकते ती बऱ्याचदा याच्यासाठी.

आता यात कॉइल घाला. हिशोबासाठी एक सोपी कॉइल धरू. सरासरी व्यास ६०० मिलिमीटर, १२ वेढे, तांब्याची चौकोनी नळी ३० मिलिमीटर उंच, २० रुंद, भिंत ३ मिलिमीटरची, आतून थंड पाणी. पिच, म्हणजे एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर, ३५. म्हणजे दोन वेढ्यांत ५ मिलिमीटरची फट. ही नळी सरळ केली तर साडेबावीस मीटर भरेल. साडेबावीस मीटर लांब वस्तू, तिची भिंत ३ मिलिमीटर, आणि वरून ती स्वतःभोवतीच १२ वेळा फिरलेली. मेशिंगच्या दृष्टीनं जे जे वाईट ते सगळं एका जागी आलंय.

भिंतीत एक मिलिमीटरचे टेट्रा भरायचे म्हटलं तर किती लागतील? तांब्याचं क्षेत्रफळ २६४ चौरस मिलिमीटर, लांबी २२,६०० मिलिमीटर, म्हणजे आकारमान जवळपास ६० लाख घन मिलिमीटर. एक मिलिमीटर कडेच्या टेट्राचं आकारमान साधारण ०.१२ घन मिलिमीटर. भागाकार केला की ५ कोटी येतात. हे नुसत्या तांब्याचे. हवा, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर), आतला धातू अजून बाकी आहे. "एलिमेंट अजून बारीक करू का" याचं उत्तर इथंच मिळालं.

मोठे का करायचे ते सांगतो. जाडाभरडा मेशसुद्धा त्याच जागी फसला, तर दोष मेशचा नाही, आकाराचा आहे. जाडा मेश दोन मिनिटांत फसतो, बारीक मेश तीन तासांनी फसतो. फसायचंच असेल तर लवकर फसलेलं बरं.

फसला. त्याच फेसवर, म्हणजे आकाराच्या त्याच पृष्ठभागावर, दोन मिनिटांत.

एररमध्ये फेसचा नंबर असतो आणि तो वाचायचा असतो. लाल खिडकी दिसली की बंद करायची सवय आमच्या पोराला लागलीय, मलाही होती. त्या नंबरचा फेस तेवढा दाखवून झूम करत गेलो. पहिल्यांदा काहीच दिसेना. अजून आत, अजून आत. शेवटी जिथं वेढा संपून पाण्याच्या जोडणीची सरळ नळी सुरू होते, तिथं एक केसाएवढी पट्टी दिसली. लांबी ३० मिलिमीटर, रुंदी ०.००४. तांब्याचा असा कुठलाही भाग खऱ्या भट्टीत नाही. तो ड्रॉइंगमध्ये जन्मलाय. पण सॉफ्टवेअर बिचारं इमानदार. फेस आहे म्हटल्यावर त्यावर त्रिकोण बसवायलाच हवेत, आणि ०.००४ रुंदीच्या पट्टीवर धड त्रिकोण बसवायचा तर तो ०.००४ चाच लागणार.

ही पट्टी आली कुठून? स्प्रिंगसारखा वेढा, ज्याला हेलिक्स म्हणतात, तो कॅडच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या, स्प्लाइन गणितात (वक्र रेषा काढायच्या गणितात) तंतोतंत बसतच नाही. वर्तुळ बसतं, हेलिक्स बसत नाही. म्हणून स्टेप फाइलमध्ये (ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणाऱ्या फाइलमध्ये) जातो तो हेलिक्सच्या जवळपासचा वक्र, ठरावीक चुकीच्या मर्यादेत. हेलिक्स जिथं संपतो तिथला फेस आणि सरळ नळीचा फेस, दोन्ही वेगवेगळ्या वेळी काढलेले. दोघांत केसाचा फरक राहतो आणि त्या फरकाला सॉफ्टवेअर स्वतंत्र पृष्ठभाग समजतं. आम्हाला फाइल ज्यांनी दिली त्यांनी तर सरळ नळी वेढ्याच्या आत थोडी घुसवूनच ठेवली होती. स्क्रीनवर छान दिसत होतं.

रिपेअरचं बटण दाबून, टॉलरन्स (किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा) वाढवून अशा पट्ट्या गिळता येतात. मी ते एकदा करून बघतो, दोनदा नाही. टॉलरन्स वाढवत नेला तर एखाद्या दिवशी तो ५ मिलिमीटरची खरी फटही गिळेल. त्यापेक्षा तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि वेढ्याच्या शेवटच्या छेदापासून नळी नव्यानं ओढायची. मध्ये छोटा बाक द्यायचा, एकदम कोपरा नको. वीस मिनिटांचं काम आहे. आणि हो, फाइल उघडल्या उघडल्या एक माप मोजून बघा. मिलिमीटरची कॉइल मीटरमध्ये उघडून रंकाळा तलावाएवढी झालेली मी पाहिलीय, आणि मेशच्या सेटिंगला शिव्या देत अर्धा दिवस घालवलाय.

बारा वेढ्यांची कॉइल एकदम मेश करायला जाऊ नये. आधी एकच वेढा. तो झाला की दुसरा, म्हणजे फटीतली हवा कळते. मग जोडणीची नळी, मग बाकीचे सगळे. कुठं अडलं ते आपोआप समजतं. तसंच, आधी फक्त पृष्ठभागाचा मेश करून बघावा. तिथं त्रिकोण एखाद्या जागी मुंग्यांसारखे गोळा झालेले दिसले, की तिथं काहीतरी आहे.

आतापर्यंतच्या चुका निदान ओरडतात तरी. एक चूक अशी आहे की मेश छान होतो, उत्तर येतं आणि ते साफ चुकीचं असतं.

खालच्या दुकानात मिस्त्री वेढे चिकटवून गुंडाळतात, कारण तारेवर इनॅमलचा थर असतो. आपण ड्रॉइंगमध्ये तार काढतो, थर काढत नाही. पिच तारेच्या व्यासाएवढा ठेवला की शेजारचे वेढे एका रेषेत टेकतात. गोल तारा असतील तर त्या रेषेजवळ हवेची फट शून्यापर्यंत निमुळती होत जाते, तिथं कुठलाच टेट्रा मावत नाही आणि मेश फसतो. हे नशीब म्हणायचं. चौकोनी तारा असतील तर फेसला फेस चिकटतो, सॉफ्टवेअर दोन्ही तांबी एकत्र करून टाकतं आणि मेश लोण्यासारखा होतो. मग करंट गोल गोल फिरायचं सोडून वरून खाली सरळ उतरतो. तुमची १२ वेढ्यांची कॉइल आता एक पाइप आहे. खऱ्या मोटारीत याला शॉर्ट म्हणतात आणि धूर येतो. कॉम्प्युटरमध्ये धूर येत नाही.

ही चूक पकडायला मेशकडे बघून उपयोग नाही, इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल किती विरोध करते त्याचं माप) बघायचा. हॅरॉल्ड व्हीलर यांचं १९२८ सालचं एक सूत्र आहे, कॅल्क्युलेटरवर होतं: इंचातल्या त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले त्रिज्येची नऊपट अधिक लांबीची दहापट. उत्तर मायक्रोहेन्रीत. आपली कॉइल घातली (त्रिज्या ११.८ इंच, लांबी १६.५ इंच, वेढे १२) तर ७४ येतात. हे रिकाम्या कॉइलचं उत्तर आहे, शिवाय जाड नळीत करंट आतल्या अंगाला ओढला जातो, त्यामुळं थोडंफार कमी आलं तर घाबरायचं नाही. पण ७४ च्या जागी एक-दोन आले, तर वेढे चिकटलेत. मी कुठल्याही कॉइलच्या कामात सगळ्यात आधी हा आकडा काढून कागदावर लिहून ठेवतो.

मोटारीसारखी बारीक तारेची शेकडो वेढ्यांची कॉइल असेल, तर एकेक तार काढायचीच नाही. एक भरीव कडं काढायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की यात इतके वेढे आहेत, करंट असा फिरतो. जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. तारेच्या आत करंट कसा पसरतो हे विचारायचं नसेल, तर तार दाखवायची गरज नाही. हजार तारा हौसेनं काढून मेश होत नाही म्हणून रडणारे लोक मला दर वर्षी भेटतात. त्यातले निम्मे हुशार असतात.

भट्टीच्या कॉइलचं तसं नाही. तिथं नळीच्या आत करंट कुठं गोळा होतो हाच प्रश्न आहे. एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा करंट तांब्याच्या पृष्ठभागालगत वाहतो, आणि किती खोलीपर्यंत वाहतो ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. ५० हर्ट्झला तांब्यात ही खोली सव्वानऊ मिलिमीटर, ५०० हर्ट्झला जवळपास ३, १० किलोहर्ट्झला ०.६५. ही खोली म्हणजे मेशचा गज. एवढ्या जाडीत निदान दोन-तीन थर बसलेच पाहिजेत, नाहीतर उष्णतेचा आकडा चुकतो. आमची भट्टी ५०० हर्ट्झची, म्हणजे भिंतीत एकेक मिलिमीटरचे तीन थर. आतल्या वितळलेल्या लोखंडात मात्र याच फ्रिक्वेन्सीला खोली पंचवीस मिलिमीटरच्या वर जाते, कारण त्याचा रोध तांब्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथं १० मिलिमीटरचे एलिमेंट पुरतात. पोरानं तिथंही १ मिलिमीटर दिला होता, "सगळीकडं सारखा बरा" म्हणून.

खोली भिंतीच्या जाडीपेक्षा खूपच लहान असेल, उदाहरणार्थ हार्डनिंगच्या (लोखंड तापवून कडक करायच्या) १० किलोहर्ट्झच्या जाड कॉइलमध्ये, तर तांब्याच्या पोटात मेशच करायचा नाही. पृष्ठभागावर इम्पिडन्सची अट लावायची, म्हणजे आतल्या तांब्याचा परिणाम पृष्ठभागावरच एका सूत्रानं सांगायचा. आमच्या इथं भिंत आणि खोली दोन्ही ३ च, म्हणून ती पळवाट बंद.

मग ५ कोटींचं काय? टेट्रा सोडायचे. नळीच्या छेदावर आधी चौकोनी मेश काढायचा, थरात तीन आणि भोवतीनं एकेक मिलिमीटर धरून २६४ चौकोन. तो छेद वेढ्याच्या वाटेनं ओढत न्यायचा, शेवया पाडतो तसा. याला स्वीप म्हणतात. एका वेढ्याला ४८ भाग केले तर १२ वेढ्यांचे ५७६, म्हणजे एकूण दीड लाख एलिमेंट. एकेक एलिमेंट एक मिलिमीटर जाड आणि ३९ मिलिमीटर लांब होतो. एरवी असा लांबोडा एलिमेंट पाहून मी ओरडलो असतो. इथं चालतो, कारण करंट लांबीच्या दिशेनंच वाहतो आणि त्या दिशेला फारसं काही बदलत नाही.

४८ ऐवजी २४ केले तर अजून स्वस्त पडेल असं वाटतं. पोरानं तेच केलं, आणि दुसरा एरर आला: एलिमेंट उलटे झालेत. हा एरर कॉइलवाल्यांना फार छळतो, म्हणून जरा थांबून सांगतो. चांगले एलिमेंट सरळ कडांचे नसतात. कडेच्या मधोमध एक बिंदू असतो आणि तो खऱ्या वक्र पृष्ठभागावर नेऊन बसवतात. २४ भागांत सरळ कड आणि खरा वक्र यांत मध्यभागी २.६ मिलिमीटरचं अंतर पडतं. आपला पहिला थर १ मिलिमीटरचा. मधला बिंदू २.६ सरकला की तो पलीकडची बाजू फोडून बाहेर, आणि सदऱ्याची बाही उलटावी तसा एलिमेंट उलटतो. ४८ भागांत हे अंतर ०.६४ मिलिमीटर होतं, एकाच्या आत बसतं. वेढ्याचे भाग हवे तसे ठरत नाहीत, थराच्या जाडीवरून ठरतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एलिमेंटची गुणवत्ता वाढवायची सगळी बटणं दाबून दोन दिवस घालवले होते.

स्वीप चालतो तो छेद अखंड असेल तरच. सरळ नळीपाशी तो तोडून दोन भाग करावे लागतात. आणि त्या नळ्यांची टोकं भट्टीभोवती धरलेल्या हवेच्या डब्याच्या भिंतीपर्यंत न्यायची. टोकं हवेत लोंबकळत ठेवली तर करंटला वाट नाही, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) घिरट्या घालत राहतो आणि लोक पुन्हा मेशलाच दोष देतात.

एवढं सगळं होऊन मेश झाला. पोरगा खूश. तेव्हा मी विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं, आणि चूक माझीही होती: "फौंड्रीवाल्याला पाहिजे काय?"

"वरचे दोन वेढे का तापत्यात."

"मग त्याला हेलिक्स कशाला?"

हेलिक्सचा चढ मोजला. एका वेढ्यात ३५ मिलिमीटर वर, आणि वेढ्याचा घेर १,८८५. म्हणजे एक अंशाच्या आसपास. ही कॉइल जवळजवळ एकावर एक ठेवलेल्या १२ बांगड्याच आहे. बांगड्या मानल्या तर अख्खी भट्टी एका उभ्या कापात मावते, अक्षाभोवती फिरवलेल्या द्विमितीत. फेम नावाचं डेव्हिड मीकर यांचं मोफत सॉफ्टवेअर हे साध्या लॅपटॉपवर करतं. बारा चौकोनी कडी, मधला धातू, भोवती हवा. भिंतीत तीनच्या जागी सहा थर दिले तरी उत्तर चहा येईपर्यंत तयार. आधी सहा थर, मग बारा थर, दोन्हीत वेढ्यांची उष्णता जवळपास सारखी आली, तेव्हा मेश पुरेसा आहे असं धरलं.

द्विमितीत जोडणीच्या नळ्या दिसत नाहीत, आणि भट्टीभोवती अंतराअंतरानं उभे केलेले पत्र्यांचे शंट (बाहेर पडणारं चुंबकीय क्षेत्र वाहून नेणारे गठ्ठे) खरे दिसत नाहीत. ते विचारायचं असेल तेव्हा त्रिमिती लागेलच, आणि तेव्हा पोराचा स्वीप केलेला मेश तयार आहे.

चित्रात कारण दिसलं. कॉइलच्या मध्यावर चुंबकीय रेषा उभ्या, नळीच्या आतल्या भिंतीला समांतर जातात. वरच्या टोकाला त्या बाहेर पांगतात आणि शेवटच्या वेढ्यांच्या वरच्या सपाट बाजूला लागून आडव्या जातात. करंट आतल्या भिंतीपुरता न राहता वरच्या कोपऱ्यात गोळा होतो. पोरानं स्वीपच्या मेशमध्ये थर फक्त आतल्या भिंतीला बारीक ठेवले होते आणि खर्च वाचवायला वरची भिंत एकाच थरात काढली होती, बाराही वेढ्यांना. म्हणजे तो मेश सकाळीच झाला असता, तरी नेमके तेच दोन वेढे त्यानं थंड दाखवले असते. आता वरच्या दोन वेढ्यांना वरून तीन थर देऊन त्रिमिती पुन्हा लावलीय. खाली मिस्त्रींनी वार्निशचा डबा उघडलाय, खिडकी लावून घेतो.